गिरणीचे पाहुणे, देवाचे पाहुणे

1860 साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि रूळ तिथेच संपले. पुढे गुलबर्गा-रायचूर गाठायला या मार्गाला आणखी दहाएक वर्षे लागली. तेवढा काळ मुंबईहून निघालेल्या गाडीचे शेवटचे स्टेशन सोलापूर होते. निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताचे धान्य बैलगाड्यांतून इथवर यायचे आणि इथून वॅगनींत भरले जायचे. गाडीवानाला बैल सोडायला मोकळे मैदान, हौदाला पाणी आणि मूठभर वैरण मिळाली की त्याची रात्र निभायची. व्यापारी मात्र अडत्याकडे उतरायचा. माल ज्याच्या पेढीवर, मुक्कामही त्याच्याच पेढीवर. जेवणखाण, अंथरूण, पहाटेची अंघोळ हे सगळे अडतीतच धरलेले असायचे. सोलापुरात मुक्कामाचा धंदा नावारूपाला येण्याआधी तो असा दुसऱ्या धंद्याच्या पोटात वाढला.

त्याच दशकात पहिली मोठी मंदीही आली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर तुटून पडल्या होत्या आणि भाव आभाळाला टेकले होते. युद्ध संपले तसे 1865 मध्ये भाव कोसळले. मुंबईत बँका आणि शेअर कंपन्या बुडाल्या, आणि कापसाच्या वाटेवरच्या प्रत्येक बाजारपेठेला त्याचा धक्का बसला. सोलापूर त्यातून सावरले ते कापूस विकणारे गाव न राहता कापड विणणारे शहर होऊन. मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल 1877 मध्ये सुरू झाली. सोलापूरकर तिला आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात, आणि मुरारजी पेठेच्या नावात तिच्या मालकाची आठवण आहे. ही गिरणी उभी राहिली तेव्हा 1876 ते 78 च्या दुष्काळाने जिल्हा होरपळत होता. खेड्यांतून माणसे कामाच्या शोधात शहराकडे येत होती. तेलंगणातून येणारी पद्मशाली विणकर कुटुंबे हातमाग घेऊन पूर्व भागात वसत होती.

नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे पाहुणेही आले. सुताचा दलाल, कापडाचा घाऊक खरेदीदार, रंग विकणारा, यंत्र बसवायला आलेला फिटर, हिशेब तपासायला आलेला कारकून. हे लोक सोमवार ते शनिवार यायचे आणि काम झाले की निघून जायचे. चाटी गल्लीत खरेदी, नवी पेठेत जेवण आणि रात्री स्टेशनजवळच्या धर्मशाळेत किंवा लॉजवर पथारी, असा त्यांचा ठरलेला क्रम असे. कामगारांसाठी खानावळी होत्या. महिन्याचे पैसे आगाऊ भरून दोन वेळ ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी मिळायची. बाहेरगावचा माणूसही ओळखीवर तिथेच पानावर बसायचा. गिरणीचा भोंगा हेच खानावळीचे घड्याळ होते.

दुसरा पाहुणा गिरणीच्या कितीतरी आधीपासून येत होता. तो देवाचा पाहुणा. सोलापूरच्या भोवती शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत जितकी मोठी देवस्थाने आहेत, तितकी महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली असतील. तुळजापूरची भवानी 45 किलोमीटरवर, अक्कलकोटचे स्वामी समर्थ चाळीसच्या आत, पंढरपूर सत्तर-पंचाहत्तरवर आणि कर्नाटकात गाणगापूरचे दत्तस्थान. शहरात ग्रामदैवत सिद्धरामेश्वर आहेच. मकरसंक्रांतीला त्याची गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचे दारूकाम असा चार-पाच दिवसांचा सोहळा असतो, आणि होम मैदानावरची दुकाने-पाळणे त्यानंतरही कितीतरी दिवस हलत नाहीत.

देवाच्या पाहुण्याला भाव-मंदी लागत नाही, असे रेल्वे कंपन्यांना शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये अडीच फुटी रुळांवर सुरू झाली. 1906 मध्ये ती कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेली आणि तिथून पुढे वारीचा मोठा भार या छोट्या गाडीने वाहिला. कापसाचा भाव पडला म्हणून आषाढी टळत नाही. पीक बुडाले तर वारकऱ्याचा हात आखडतो. तो पायी जातो, दिंडीत जेवतो, पण जातो.

1930 हे साल शहराने वेगळ्याच प्रकारे भोगले. जगभर मंदी पसरत होती, कापडाचे भाव खाली येत होते आणि मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चार स्वातंत्र्यसैनिकांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिली गेली. मजुरीच्या प्रश्नावर गिरण्यांत संप होत राहिले. बाहेरगावच्या खरेदीदाराने त्या वर्षांत सोलापूरला यायला कचरावे, यात नवल नव्हते.

गिरण्यांचा अस्त एका दिवसात झाला नाही. जुनी गिरणी 1960 च्या दशकातच बंद पडली. लक्ष्मी-विष्णूचे भोंगे 1990 च्या दशकात थांबले. राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली नरसिंग गिरजीही शेवटी टिकली नाही. दरम्यान काम यंत्रमागांकडे सरकले होते. गिरणीत एका छताखाली हजारो माणसे होती. आता घरोघर, गाळोगाळी चार-सहा-बारा माग लागले. जेकॉर्डवर विणलेली सोलापुरी चादर देशभर पोहोचली ती या यंत्रमागांवरून. पुढे चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले.

मुक्कामाच्या धंद्यावर या बदलाचा खोल परिणाम झाला, आणि सोलापूरच्या आर्थिक इतिहासात तो फारसा नोंदला गेलेला नाही. गिरणीच्या काळात खरेदीदाराला एका दरवाजातून आत जाऊन सौदा करता येई. यंत्रमागाच्या काळात त्याला दहा कारखानदार गाठावे लागत, म्हणजे मुक्काम खरे तर वाढायला हवा होता. सुरुवातीला तसे झालेही. पण मग फोन आला, नमुने कुरिअरने जाऊ लागले आणि उधारीचा हिशेब महिनाअखेरीस बँकेतून मिटू लागला. त्यात सिद्धेश्वर एक्सप्रेस. रात्री मुंबईत बसा, सकाळी सोलापुरात उतरा, दिवसभर साखर पेठ ते अक्कलकोट रोड एमआयडीसी हिंडा आणि रात्री त्याच गाडीने परत निघा. दोन्ही रात्री रेल्वेच्या बर्थवर गेल्या. प्रवाशाच्या दृष्टीने ही उत्तम सोय होती, पण लॉजवाल्याच्या दोन रात्री ती घेऊन गेली.

ही जागा भरून काढली वेगळ्याच माणसांनी. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासून सोलापुरात आहे आणि त्याच्याभोवती खासगी दवाखान्यांचे मोठे जाळे वाढले. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी इथून रुग्ण येतात, आणि एका रुग्णामागे दोन-तीन नातेवाईक. दिवसा ते दवाखान्याच्या ओट्यावर असतात आणि रात्री एकाने रुग्णाजवळ थांबायचे, बाकीच्यांनी पाठ टेकायला खोली बघायची. या खोलीच्या गरजा अगदी साध्या आहेत. तीन कॉट, एक जादा गादी, सकाळी सहा ते नऊ गरम पाणी, खाली चहाची टपरी. भाडे रोजचे, पण मुक्काम किती दिवसांचा हे डॉक्टर ठरवणार. शहरातली अनेक साधी लॉजिंगे मंदीच्या वर्षांत तगली ती या लोकांमुळे, आणि पर्यटनाच्या कुठल्याही अहवालात हे लोक पर्यटक म्हणून येत नाहीत.

मग 2008 ची जागतिक मंदी आली. जगातल्या आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या 2009 मध्ये सुमारे चार टक्क्यांनी घटली. अमेरिकेत त्या वर्षी हॉटेलांच्या शंभरपैकी जेमतेम 55 खोल्या भरत होत्या. भारतात येणारे परदेशी पाहुणे 2008 मधल्या 52.8 लाखांवरून 51.7 लाखांवर आले. मुंबई-गोव्याच्या मोठ्या हॉटेलांनी दर उतरवले. पण केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकड्यांत दुसरी एक गोष्ट दिसते. देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी 2008 मध्ये सुमारे 56 कोटी होत्या. 2009 मध्ये त्या 67 कोटींच्या घरात गेल्या आणि 2010 मध्ये जवळपास 75 कोटी झाल्या. ऐन मंदीत देश फिरत होता, आणि त्यातला मोठा हिस्सा देवदर्शनाचा होता. ज्याने सिंगापूरची सहल रद्द केली तो कुटुंबाला घेऊन शिर्डी-तुळजापूर करून आला.

सोलापूरला ही मंदी दोन्ही अंगांनी कळली. इथला टेरी टॉवेल युरोप-अमेरिकेकडे आणि आखाताकडे जातो, आणि त्यातला पांढरा, जाड, बिनानक्षीचा माल थेट हॉटेलांसाठी असतो. पर्यटकांनी परदेशी हॉटेलांतल्या खोल्या रिकाम्या ठेवल्या की काही महिन्यांत सोलापूरच्या मागावर टॉवेलची मागणी ढिली पडते. खोलीत पाहुणा नाही, तर टॉवेल धुतला जात नाही. धुतला नाही तर झिजत नाही. झिजला नाही तर नवा लागत नाही. जगाच्या हॉटेलधंद्याची नाडी अशी सोलापूरच्या यंत्रमागावर लागते, आणि तो टॉवेल विणणारा माणूस त्या हॉटेलात कधी उतरलेला नसतो. मागावरची पाळी कमी झाली की पूर्व भागातल्या घरांत चूल किती वेळा पेटायची हे ठरते. म्हणून इथे हॉटेलांच्या मागणीचा विषय चैनीचा नाही.

दुसरीकडे, तुळजापूर-अक्कलकोटकडे जाणाऱ्या गाड्या वाढतच होत्या. अक्कलकोटची गोष्ट यात महत्त्वाची आहे. स्वामी समर्थांनी 1878 मध्ये तिथे देह ठेवला. त्यानंतर शंभर वर्षे अक्कलकोट हे छोट्या संस्थानाचे शांत गाव होते. भाविक यायचे, दर्शन घ्यायचे आणि मुक्कामाला बहुधा सोलापूर गाठायचे. 1988 मध्ये स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ सुरू झाले. दोन वेळचा महाप्रसाद, मग यात्री निवास, भक्त निवास. आता गुरुवारी, गुरुपौर्णिमेला, स्वामींच्या प्रकट दिनाला येणारा भाविक तिथेच जेवतो आणि तिथेच झोपतो. हे भाविकांच्या भल्याचे झाले, यात शंका नाही. पण सोलापूरच्या हातून त्याची रात्र गेली, हेही तितकेच खरे.

रस्त्यांनीही हेच केले. पुणे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. 9 जानेवारी 2019 रोजी सोलापूर-तुळजापूर-धाराशिव चौपदरी मार्गाचे लोकार्पण झाले. पुण्याचे कुटुंब पहाटे निघून तुळजापूर आणि अक्कलकोट दोन्ही करून रात्री घरी पोहोचू लागले. वाटेत सोलापूर बायपासवरून दिसते. कोजागरीला मात्र चित्र उलटते. कर्नाटकातून आणि शहरातून निघालेले लाखो भाविक सोलापूरहून तुळजापूरला पायी जातात, रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि त्या रात्री सोलापूर हे वाटेतले गाव न राहता यात्रेचे दार होते. ठिकठिकाणी मंडळे दूध आणि खिचडी वाटतात, पाय चोळून देतात, आणि लॉजच्या मालकांना आठवडाभर आधीपासून ‘खोली आहे का’ असे फोन येतात.

2013 मध्ये होटगी रस्त्यावर बालाजी सरोवर प्रीमियर हे पंचतारांकित हॉटेल उभे राहिले, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. गिरण्या बंद पडलेल्या शहरात एवढ्या महागड्या खोल्या कोण घेणार? हे हॉटेल उभारले बालाजी अमाइन्स या रसायन बनवणाऱ्या कंपनीने, यातच उत्तर आहे. चिंचोळीची एमआयडीसी, रसायने, औषधांचे कारखाने, फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजप्रकल्पाचे बांधकाम, विद्यापीठ, कॉर्पोरेट बैठका आणि मोठी लग्ने, असा गिरणीनंतरचा नवा कामाचा पाहुणा तयार होत होता. अडत्याच्या पेढीवर झोपणाऱ्या कापूस-व्यापाऱ्याचाच हा वारस. धंदा बदलला की त्याच्यामागे उतरण्याची जागा बदलते, हा सोलापूरचा जुना अनुभव आहे.

मग 2020 आले. मार्चच्या मध्यावर पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटची दारे बंद झाली आणि दीडशे वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पाहुणे एकदम थांबले. आषाढीला मानाच्या पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. जुलै 2020 मध्ये लॉज-हॉटेलांना एकतृतीयांश क्षमतेवर परवानगी मिळाली. खाण्याची हॉटेले ऑक्टोबरमध्ये निम्म्या क्षमतेवर उघडली. मंदिरे 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि शेवटी 7 ऑक्टोबर 2021 च्या घटस्थापनेला खुली झाली. जानेवारी 2021 मधली सिद्धेश्वर यात्रा मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत पार पडली. होम मैदान मोकळे होते.

या मंदीने आधीचा सगळा नियम मोडला. पूर्वी व्यापार बसला तरी देवाचा पाहुणा येत राहायचा. या वेळी त्याच्यावरच बंदी होती. वेटर, स्वयंपाकी, खोल्या झाडणाऱ्या बायका यांच्या हातचे काम गेले. बरेचसे आपल्या गावी, शेतावर परतले आणि काही पुन्हा आलेच नाहीत. देशांतर्गत भेटी 2019 मध्ये सुमारे 232 कोटी होत्या. 2020 मध्ये त्या 61 कोटींवर आल्या. पण सावरण्याची घाईही तेवढीच. 2022 मध्ये 173 कोटी आणि 2023 मध्ये 251 कोटी, म्हणजे महामारीपूर्व आकड्याच्याही वर. परदेशी प्रवासी जगभर हळूहळू परतत असताना देशातले भाविक धावत परतले. दोन वर्षे राहिलेला नवस फेडायचा होता.

करानेही या धंद्याला हलवले. जुलै 2022 पर्यंत हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. तो 12 टक्के लागू झाला आणि त्याचा भार पडला तो दवाखान्यातल्या नातेवाइकावर आणि मध्यमवर्गीय भाविकावर. सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर तो पाच टक्क्यांवर आला. सोलापूरच्या बहुतेक खोल्या याच पट्ट्यात बसतात, म्हणून हा बदल इथे मुंबईपेक्षा जास्त जाणवणारा आहे.

आता प्रश्न उरतो रात्रीचा. पाहुणे येतात, मुक्काम करत नाहीत, हे सोलापूरचे दुखणे आहे आणि त्याचे औषध जाहिरातीपेक्षा वेळापत्रकात अधिक आहे. 10 फेब्रुवारी 2023 ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत दुपारी मुंबई सोडते आणि रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापुरात पोहोचते. परतीची गाडी सकाळी सहाला. म्हणजे मुंबईहून या गाडीने येणाऱ्याला सोलापुरात रात्र काढणे भागच आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने नेलेल्या रात्री या गाडीने काही प्रमाणात परत आणल्या. विमानतळाचीही तशीच कथा. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली. त्या चिमणीवरून शहर वर्षानुवर्षे दुभंगले होते. शेतकऱ्याच्या कारखान्याचा धूर की शहराचे उड्डाण, असा तो वाद होता, आणि दोन्ही बाजूंना आपापले दुखणे होते. 2025 मध्ये गोव्याची आणि पुढे मुंबईची विमानसेवा सुरू झाली. गोव्यातले कितीतरी भाविक अक्कलकोट-गाणगापूर-पंढरपूर अशी फेरी करतात. त्यांना आता बारा तासांच्या बसऐवजी तासाभराचा पर्याय आहे.

मुक्काम ठोकलेल्या माणसाला दाखवायला शहराकडे पुष्कळ आहे. तलावाच्या पाण्यात उभे सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन, चार हुतात्मा चौक, चीनमध्ये सेवा करताना देह ठेवलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक. हिवाळ्यात शेतावरचा हुरडा, शेंगा चटणी, कडक भाकरी. नळदुर्गचा किल्ला सोलापूरच्याच युनिटी मल्टिकॉन्सने देखभालीला घेतल्यापासून तिथे पाणी महालाचे नर-मादी धबधबे बघायला पावसाळ्यात गर्दी होते. पण तिथे जाणारी गाडीसुद्धा संध्याकाळी पुण्याकडे वळते.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या 84 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. ती गाडी सुरू झाली की दक्षिणेकडून, हैदराबादकडून आणि गुंटकलकडून येणारा भवानीचा भक्त सोलापूर स्टेशनावर गाडी बदलेल, जसा 1860 च्या दशकात निजामाच्या मुलखातला कापूस इथे वाहन बदलायचा. तो प्लॅटफॉर्मवरच थांबेल की बाहेर येऊन खोली घेईल, हे तुळजापूरची पहिली गाडी सकाळी किती वाजता सुटते आणि शेवटची संध्याकाळी किती वाजता परतते यावर ठरेल. सोलापूरच्या लॉजमालकांनी आणि व्यापारी संघटनांनी त्या वेळापत्रकासाठी आतापासून रेल्वेचा दरवाजा ठोठावायला हवा.